होजीभाऊ आणि आतलं पाकीट

सिंदेवाहीच्या स्टँडवर होजीभाऊंना कुणी विचारलं, "सावलीची गाडी गेली का?" तर ते म्हणत, "हो जी." लगेच दुसऱ्याने विचारलं, "अजून यायचीच आहे ना?" तरी ते म्हणत, "हो जी." दोघांनाही बरं वाटे. गाडीचं काय झालं, ते गाडीलाच ठाऊक. त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त मतदारयादीत. बाकी सगळ्यांसाठी ते होजीभाऊ.

उन्हाळ्यात ते तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर हिशेब ठेवणारे मुनशी म्हणून जंगलात जात आणि उरलेलं वर्ष लग्नं जुळवत. एटापल्लीपासून सावलीपर्यंत कुठल्या घरात मुलगी लग्नाची आहे, कुठल्या घरात मुलगा नोकरीला लागला, हे त्यांना फिरून फिरून माहीत झालेलं असे. यासाठी त्यांनी कुणाकडून काही घेतल्याचं मी ऐकलं नाही. घेत ते फक्त चहा. आणि चहा पिताना सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी मुठीत घट्ट धरून ठेवत, कारण आमच्या आईला खर्रा आवडत नसे आणि तो आपल्याकडे नाहीच, असं ते तिला भासवत.

इकडचं बोलणं तिकडे पोचवताना ते त्यातले काटे काढून टाकत. माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्यांनी बाहेर पडल्यावर म्हटलं होतं, "पोरगी रंगानं सावळी आहे अन् बोलतेही जास्त." होजीभाऊंनी आत येऊन सांगितलं, "हुशार आहे म्हणते. घर सांभाळन म्हणते." लग्न झालं, संसार चांगला चालला. "खरं सांगून कोनाचं भलं झालं, बाई?" असं ते मला म्हणत. मला ते पटत नसे.

माझं लग्न त्यांनीच जुळवलं. नव्वदीची अखेर होती. मुलगा सावलीचा, त्याचे वडील शाळेत गुरुजी. आमच्या बाबांचं सायकलचं दुकान. बाबा तोडून बोलणारे. एकदा बोललं म्हणजे बोललं. धान घरात आलं, तारीख ठरली, आणि दोन्हीकडची मिळून एकच पत्रिका छापायची असंही ठरलं. छपाई आमच्या गावात, कारण प्रेस आमच्या गावात होती.

प्रेसवाल्या चाचांनी नमुने दाखवले. त्या वर्षी आमच्याकडे नवी टूम निघाली होती. पत्रिका आधी एका पातळ पांढऱ्या पाकिटात घालायची, त्यावर फक्त पाहुण्याचं नाव लिहायचं, आणि ते पाकीट पुन्हा मोठ्या रंगीत पाकिटात घालून वर पत्ता. चाचा त्याला 'डबल' म्हणत. बाबांनी ते आतलं पाकीट बोटाने चाचपून पाहिलं आणि परत ठेवलं. "हे कोन पाह्यते? उघडलं का फेकलं," ते म्हणाले. "साधंच करा."

दोन दिवसांनी होजीभाऊ सावलीहून आले. चहा झाला. मग हळूच म्हणाले, "भाऊ, तिकडच्यायचं म्हणणं पडते का आतलं पाकीट असलं त बरं. वरचं पाकीट पोस्टमनसाठी, आतलं पावन्यासाठी. इज्जत वाटते त्याच्यानं."

"पावन्याची इज्जत पाकिटात आहे का?" बाबा म्हणाले.

"हो जी, तेही बरोबर आहे तुमचं."

ते सावलीला गेले. परत आले ते निरोप घेऊन: "जसं तुमचं मन असन तसं करा, म्हणते." बाबा खूश झाले. चाचांना साध्या पाकिटांचं सांगून आले. पण होजीभाऊ जाता जाता आईजवळ थांबले. "वयनी, ते हो म्हणते, पण घरच्या बाईचं मन थोडं नाराज दिसलं मले."

झालं. आईचा जीव खाली-वर. लेकीची सासू लग्नाआधीच नाराज, तीही पाकिटावरून! तिने बाबांच्या मागे भुणभुण लावली. बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, आणि मग स्वतःच्या हाताने दात उपटावा तसं म्हणाले, "करा डबल."

इकडे 'डबल' ठरलं, पण मधल्या काळात होजीभाऊंनी सावलीत सांगून टाकलं होतं, की सिंदेवाहीवाले एकाच पाकिटावर ठाम आहेत. तिकडून निरोप आला, "ठीक आहे, एकच ठेवा." बाबा पुन्हा प्रेसवर. चाचा बिचारे शाईचे हात पुसत म्हणाले, "भाऊ, मशीनवर चढवू का उतरवू, एकदा सांगा ना. माझे बाकीचे कामं पडून राह्यले." तरी पाकीट काही नक्की होईना; आईला सासूच्या नाराजीची धास्ती, बाबांची एकाचीच जिद्द.

मी त्या दिवसांत नुसती घरात धुमसत होते. लग्न माझं, पत्रिकेवर नाव माझं, आणि मला कुणी विचारतही नव्हतं. तारीख जवळ येत होती. एटापल्लीच्या आत्याकडे टपाल कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. गुरुजींच्या शेजारी फोन होता. मी आईला म्हटलं, "मी बूथवर जाते आणि सरळ विचारते त्यांना, पाकीट हवं का नको." आई हबकलीच. "नवरी पोरगी फोन करते का कुठी? अन् तेही पाकिटासाठी? होजीभाऊ आहे ना!"

होजीभाऊ होते, हाच तर घोळ होता. मी त्यांनाही गाठलं. म्हटलं, "भाऊ, त्यांना नक्की काय पाहिजे, ते एका शब्दात सांगा." ते माझ्याकडे मायेने पाहत म्हणाले, "तू कायले टेन्शन घेते, बाई? सगळं तुया मनासारखं होऊन राह्यलं." माझ्या मनात काय होतं, ते मात्र त्यांनी विचारलं नाही. मला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी एक दिवस गुरुजी स्वतःच आले. मूल गावी गाडी बदलून, दुपारच्या उन्हात, कपाळावर आठ्या घेऊन. होजीभाऊ ओसरीत बसलेलेच होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. पाणी पिऊन होताच गुरुजी म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. पण पत्रिका अजून छापल्याच नाई. एका पाकिटासाठी तुम्ही काऊन एवढे अडून बसले?"

"मी?" बाबा उठलेच. "तुम्हीच म्हणून राह्यले ना, आतलं पाह्यजे म्हणून! तुमच्या घरी नाराजी आहे म्हणून!"

"आमच्या घरी कोन बोललं? आम्ही त पहिल्या दिवसापासून म्हणतो, तुमाले जमन ते करा."

दोघांनीही होजीभाऊंकडे पाहिलं. कपातला चहा अर्धा होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"खरं काय ते सांग," बाबा म्हणाले. त्यांना 'तू' म्हणताना मी बाबांना पहिल्यांदाच ऐकलं.

"हो जी," होजीभाऊ म्हणाले. मग सांगू लागले. "गुरुजीच्या घरी कोनाची तरी पत्रिका आली होती. डबलवाली. बाईनं ते आतलं पाकीट हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं, अन् कपाटात ठेवलं. फेकलं नाई. मले वाटलं, तिच्या मनात आहे. बाई मानूस मनातलं कुठी बोलते? म्हणून मी बोललो."

"दुसऱ्याच्या तोंडून तू कायले बोलतो?" बाबांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "माझ्या पोरीचं लग्न मोडलं असतं! यानंतर माझ्या घरी पाय नको ठेवू."

गुरुजी मध्ये पडले, आई बाहेर आली, पण होजीभाऊ उठलेच. त्यांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि आईला म्हणाले, "येतो वयनी." चहा तसाच राहिला.

पत्रिका एकाच पाकिटात छापल्या आणि उशिरा छापल्या. एटापल्लीच्या आत्याला तिची पत्रिका आम्ही लग्न लावून मोकळे झाल्यावर मिळाली. त्यावरून ती पुढे कितीतरी दिवस बोलत होती. होजीभाऊंना पत्रिका गेलीच नाही. घरच्या माणसाला कुणी पत्रिका पाठवत नाही, आणि बाबांनी तर त्यांना घराबाहेर काढलं होतं. आईने त्यांच्यासाठी मध्यस्थाचा मान म्हणून दुपट्टा-टोपी आणून ठेवली होती. मंडपात गुरुजींनी दोनदा विचारलं, "आपला मध्यस्थ कुठी आहे?" बाबा ऐकू न आल्यासारखे पंगतीकडे निघून गेले. ज्याने लग्न जुळवलं, तोच लग्नात नव्हता.

सासरी रुळल्यावर एकदा तांदूळ निवडताना मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला खरंच ते आतलं पाकीट हवं होतं का हो?"

त्या जरा लाजल्या. "होतं बापा मनात. चांगलं वाटते ना ते, आपल्या एकट्याचं नाव. पण पोरीवाल्यायले कायले त्रास द्याचा? म्हणून मी कोनापाशी बोलली नाई."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणजे होजीभाऊंनी बरोबर ओळखलं होतं! एवढा घोळ, एवढा अपमान, आणि माणूस बरोबर होता. माहेरी गेल्यावर मी हे बाबांना सांगितलं. वाटलं, त्यांचा राग उतरेल. ते उलट जास्तच भडकले. "मंग सरळ सांगाचं होतं! तिनंही नाई सांगितलं, त्यानंही नाई. मी काय मनकवडा आहो?"

नंतर एकदा मूलच्या स्टँडवर होजीभाऊ दिसले. वाळले होते. माझ्या कडेवरच्या मुलीच्या हातात त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला आणि विचारलं, "बाबा कसे आहे? अजून रागात आहे का मायावर?"

मला गोड बोलायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "हो भाऊ. फार रागात आहेत. तुमचं नाव काढलं तरी चिडतात."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे इसरले नाई! मंग जातो मी." आणि समोर लागलेल्या सिंदेवाहीच्या गाडीत ते चढलेसुद्धा.

पुढचं आईने सांगितलं. ते ओसरीत येऊन बसले. बाबा आतच थांबले. आईने एकाचाच चहा बाहेर नेला, तेव्हा बाबा आपला कप मागून घेऊन बाहेर गेले आणि दुसऱ्या टोकाला बसले. पाकिटाचा विषय कुणी काढला नाही. मग त्यांचं येणं पुन्हा सुरू झालं. बाबा त्यांना "तू"च म्हणत राहिले, पण आता त्या "तू"चा सूर वेगळा होता.

होजीभाऊ येत, पण जेवत नसत. ताटात भात तसाच. बाबा विचारत, "काऊन, तब्येत बरी आहे ना?" "हो जी, एकदम मस्त." "मंग जेव ना." "आज उपास आहे जी."

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरीच होते. बाबा त्यांच्या गावी जाऊन आले आणि चपला न काढताच ओसरीत बसले. होजीभाऊंच्या पोटात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं आणि त्यांनी घरच्यांना बजावलं होतं, की बाहेर कुणाला कळता कामा नये.

"दर खेपेले इचारलं मी त्याले," बाबा म्हणाले. "दर खेपेले. मस्त आहे म्हणे! मेला तरी खरं बोलला नाई."

"सांगितलं असतं त काय केलं असतं तुम्ही?" आईने विचारलं.

"नागपूरले नेलं असतं." बाबा म्हणाले. "नाईतर बसलो असतो त्याच्यापाशी. दुसरं काय?"

त्यानंतर बरेच दिवस बाबा दुकानात ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होते. गिऱ्हाइकावर, ट्यूबवर, पंपावर. मी समजवायला निघाले, तर आईने मला हाताला धरून थांबवलं. म्हणाली, "राहू दे. ज्याच्याशी भांडाचं होतं, तो गेला ना."