घंटेनंतरचे तीन

फाटकमामा काही राजे नव्हते. इस्पितळाच्या वॉर्डांकडे जाणाऱ्या लोखंडी फाटकावर बावीस वर्षं उभा असलेला, गुडघ्यांनी कावलेला, खाकी कपड्यांतला साधा पहारेकरी माणूस. साहेबांपुढे तोंडातून शब्द फुटत नसे, आणि घरी भाजी कोणती करायची हेसुद्धा बायको ठरवायची. पण संध्याकाळी सहाची घंटा झाली की पुढची दहा मिनिटं त्या फाटकावर मामा म्हणतील ती पूर्व दिशा.

नियम अगदी सरळ होता. चार ते सहा भेटायची वेळ. घंटा झाली की फाटक बंद, मग कुणी का असेना. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मामांनी आपल्या मनानेच त्यात एक रीत घुसडली. घंटेनंतर धावतपळत येणाऱ्यांतले तिघे ते आत सोडू लागले. तीनच. कोणते तीन, ते मामा ठरवणार. गजांमधून बोट बाहेर काढायचं आणि म्हणायचं, "तुम्ही या. तुम्ही या. आणि..." या 'आणि'नंतर मामा जरा थांबायचे. बाहेर पंधरा-वीस माणसं श्वास रोखून त्या बोटाकडे बघत असायची. त्या थांबण्यातली गोडी मामांनी कधी कुणाला सांगितली नाही.

कधी ते म्हाताऱ्यांना घ्यायचे, कधी मुद्दाम म्हाताऱ्यांना सोडून तरण्यांना. कधी हात जोडणारा आवडायचा, कधी हात न जोडणारा. गुडघा ठणकत असला की धडधाकट माणसांची खैर नसे. आली लहर, केला कहर. आतल्या सिस्टरबाई हसून विचारायच्या, "काय मामा, आज कुणाला लागली लॉटरी?" मामाही हसायचे. आपण दयाळू आहोत अशी त्यांची अगदी मनापासून समजूत होती. नियमाने एकही नाही, मी तीन देतो, मग माझं चुकलं कुठे? आणि तीनच का, हेच का, असं इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी; तो गाढवाला जाब कशाला विचारील?

स्वतः मामांनी आयुष्यात एकदाच 'का' विचारलं होतं. ते नऊ वर्षांचे असताना. चार भावांत रोज संध्याकाळी एकाच्या पाठीवर वडिलांचा पट्टा पडायचा. कुणाच्या, ते पट्टा उठेपर्यंत कळायचं नाही. एकदा मार खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मलाच का?" वडील क्षणभर गोंधळले, आणि म्हणाले, "तू दार जोरात लावतोस." खोटं होतं ते, पण पोराला तेवढं पुरलं. तेव्हापासून मामा दार अलगद लावतात. फाटकसुद्धा.

तर अशा या मामांच्या फाटकावर एका मंगळवारी घंटेनंतर सात मिनिटांनी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, निळा स्वेटर, हातात थर्मास. गर्दीतून वाट काढत त्या अगदी पुढे आल्या, गजांना हात लावून उभ्या राहिल्या. मामांनी दोघांना घेतलं. तिसऱ्यासाठी बोट बाईंसमोर आलं, थांबलं, आणि पुढे सरकून मागच्या चौकटीच्या शर्टवाल्या माणसावर गेलं. फाटक अलगद बंद झालं. त्यांचे यजमान पुरुषांच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर होते. ते त्याच रात्री गेले.

गुरुवारी चार वाजता बाई परत आल्या. यजमान गेल्याचं मामांना सिस्टरबाईंकडून कळलं होतं; वाटलं, राहिलेलं सामान न्यायला आल्या असतील.

"भाऊ, परवा तुम्ही मला थांबवलंत आणि माझ्या मागच्याला सोडलंत. का?"

मामांनी जिन्याकडे हात केला. "ताई, तक्रार द्यायची असेल तर ऑफिस वर आहे. जिन्याच्या डाव्या हाताला."

"तक्रार नाही हो करायची. तुमची नोकरी घालवून मला काय मिळणार? मला फक्त कारण सांगा. माझ्यात तुम्हाला असं काय दिसलं?"

"गर्दी होती ताई. आठवत नाही आता."

"आठवेल. मी बसते."

आणि खरंच, फाटकासमोरच्या बाकावर त्या बसल्या. मांडीवर तोच थर्मास. सहाची घंटा झाली, तिघे आत गेले, गर्दी पांगली, तेव्हा उठल्या. शुक्रवारी पुन्हा आल्या. शनिवारी पुन्हा. ओरडणं नाही, रडणं नाही. रोज एकदाच विचारायच्या, "आठवलं का भाऊ?" शिव्या दिल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. शिव्यांची त्यांना सवय होती.

मामांना आठवत होतं की! बोट थांबलेलं आठवत होतं, सरकलेलं आठवत होतं. त्या दोहोंच्या मध्ये काय होतं, ते रात्रंदिवस शोधूनही सापडेना, कारण तिथे काही नव्हतंच. आता संध्याकाळी बोट बाहेर काढलं की ते कुणाकडे वळवावं तेच कळेना. रविवारी त्यांनी ठरवलं, वयाने मोठे तीन घ्यायचे. तर कोण मोठं यावरून बाहेर जुंपली. सोमवारी कुणालाच सोडलं नाही. तेव्हा एका म्हातारीने गजांवर कपाळ आपटून घेतलं. मंगळवारी डोळे मिटून बोट दाखवलं, आणि उघडून बघतात तो बोट भिंतीकडे.

जेवण जाईना, तेव्हा बायकोने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"मग सांगून टाका ना खरं. काही कारण नव्हतं म्हणून."

"असं कसं सांगू? तिचा माणूस गेला, आणि मी सांगू, काही कारण नव्हतं?"

"नव्हतंच ना पण?"

"नव्हतं. पण मग मी बावीस वर्षं तिथे काय करत होतो?"

बायकोने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सहाला पाच कमी असताना बाई बाकावरून उठून फाटकाशी आल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मामांना बघवेना. "भाऊ, काहीतरी असेल ना हो? मला झोप लागत नाही. कारण कळलं की मी पुन्हा येणार नाही." त्यांच्या हातात थर्मास होता. मामांची नजर त्यावर गेली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"थर्मास. तुमच्या हातात थर्मास होता, ताई. घंटेनंतर बाहेरचं खाणंपिणं आत नेता येत नाही."

बाई थर्मासकडे बघत राहिल्या. मागून आत शिरणारी माणसंही थांबून बघू लागली.

"चारला भेटले तेव्हा ते म्हणाले, घरचं गरम दूध पिईन," त्या हळूच म्हणाल्या. "चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. म्हणून घरी गेले. म्हणून तर उशीर झाला." मग मान वर करून विचारलं, "हा इथे बाहेर ठेवला असता तर सोडलं असतंत?"

अजूनही वेळ होती. एक शब्द पुरला असता. मामांना दार जोरात लावणारा नऊ वर्षांचा पोरगा आठवला. कारण मिळाल्यावर त्याला किती हायसं वाटलं होतं तेही आठवलं.

"हो," ते म्हणाले.

"म्हणजे माझ्यामुळेच." बाईंनी दोनदा मान हलवली. "बरं झालं सांगितलंत भाऊ. उपकार झाले." थर्मास बाकावर ठेवून त्या वळल्या आणि रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. त्यांना हायसं वाटलेलं नाही, हे पाठमोऱ्या चालीवरूनही कळत होतं. मामांनी "ताई!" अशी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली आणि गर्दी गजांवर येऊन आदळली.

लोक पांगल्यावर झाडूवाल्या मावशींनी थर्मासचं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. "अगं बाई! आठ दिवसांचं नासलेलं दूध आहे की हे. उघडलाच नव्हता वाटतं." त्यांनी तो मोरीत धुतला आणि भिंतीशी उपडा घालून ठेवला. कुणी मागायला आलं तर असू दे म्हणून.

मागायला कुणी आलं नाही. बाई पुन्हा दिसल्या नाहीत.

गुरुवारी घंटेनंतर मामा फाटकापाशी आले, तेव्हा एका बाप्याने आपली पाण्याची बाटली त्या थर्मासशेजारी ठेवली होती. त्याचं बघून दुसरीने डबा ठेवला. आठवडाभरात भिंतीशी रांग लागली. बाटल्या, डबे, सुपाची भांडी, सगळं निवत पडलेलं. नवीन येणाऱ्याला जुनी माणसं दटावून सांगू लागली, "ते बाहेर ठेवा आधी. मामांचा नियम आहे."

मामांनी एकदा सांगून बघितलं की असा काही नियम नाही. माणसं समजूतदारपणे हसली, रिकामे हात गजांतून दाखवले, आणि बोट कुणाकडे वळतं ते बघत उभी राहिली.