काकू हलेनात
अमेरिकेत पक्षांचे उमेदवार ठरायला लागले, की टीव्हीसमोर मला इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी हॉलमध्ये गार होत चाललेला मसालेभात आठवतो. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता आणि अमेरिकेतल्या आयोवाहून आलेल्या माझ्या नणंदेने सुचवलं, "आमच्या कॉकससारखं करा. चिठ्ठ्या नकोत, ज्याला निवडायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं." झालं! तीन उमेदवार, तीन कोपरे आणि नुसती ओढाओढी. दोन कोपरे भरले; तिसऱ्यात स्वतः उमेदवार असलेले रिटायर्ड डॉक्टरकाका आणि काकू, दोघंच. "एवढा लहान गट बाद होतो, तुम्ही आता दुसरीकडे जा," नणंदेने नियम सांगितला. काका मुकाट्याने निघाले, काकू मात्र हलेनात. "काकू, प्लीज, पोरं भुकेली आहेत हो!" मी वैतागून ओरडलेच. "तुम्ही जेवा ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी ह्यांच्यासाठी आले होते, मी इथेच थांबणार." ते ऐकून काका अर्ध्या हॉलमधून परत फिरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पुढे कोण अध्यक्ष झालं, ते आता आठवतही नाही. पण अजूनही टीव्हीवर कुणी हरलेला उमेदवार माघार जाहीर करतो, तेव्हा नवरा आकडे बघतो आणि मी त्या माणसाच्या शेजारी कोण उभं आहे ते बघते.