बाई म्हणाल्या, "अवकाश आहे"

आमचे काका सुतार, आणि तेही तऱ्हेवाईक. सरळसोट कपाट सांगा, जांभया देतील. पण जिन्याखालची तिरपी जागा, दारामागचा कोपरा, खिडकीशेजारची वीतभर फट दाखवा, की स्वारी खूश! तिथे फळ्या बसवतील, खण काढतील, घडीचं टेबल दडवतील. गल्लीत त्यांना फटकाका म्हणत. मीही म्हणे, पण पाठीमागे.

दुसऱ्यांच्या घरात जागा शोधणारा हा माणूस स्वतः आमच्याकडेच राहत होता. चाळिशी उलटली, तरी लग्नाचं भिजत घोंगडं. आई म्हणायची, "भावोजी, अशाने वाळून जाल हो!"

"वाळलेलं लाकूडच टिकतं, वहिनी," काका म्हणायचे, आणि विषय संपायचा.

मग आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंकडचं काम आलं. बाई एकट्याच. खोल्या दोन, आणि पुस्तकं इतकी, की पाहुण्याने बसायचं कुठे? काकांनी पलंगामागची लाकडी भिंत ठोकून पाहिली. म्हणाले, "इथे पोकळी आहे."

"पोकळी नका म्हणू. ऐकूनच उदास वाटतं. अवकाश म्हणा," बाई म्हणाल्या, आणि झाल्या की सुरू! अव आणि काश. काश म्हणजे दिसणं, उजळणं. आकाश, प्रकाश ही त्याचीच भावंडं. जिथे आड काही येत नाही, ती मोकळी जागा म्हणजे अवकाश.

"आमच्याकडे अवकाश म्हणजे वेळ," काका म्हणाले. "जेवायला अवकाश आहे म्हटलं, की पोटाला चिमटा काढून गप्प बसायचं." बाई खो खो हसल्या. हे सगळं काकांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. एकदा नव्हे, रोज. बाई त्यांना आवडल्या होत्या, अगदी मनापासून, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

काम संपलं त्या दिवशी काकांनी धीर केला. "एवढी पुस्तकं मावली. आता माझ्यासारख्या माणसाला इथे जागा होईल का?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "अवकाश आहे."

काका पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. "अजून अवकाश आहे म्हणाल्या. थांबू या."

आणि खरंच थांबले हो! बाईंच्या गल्लीतून जाणंसुद्धा सोडलं, उगाच घाई नको म्हणून. तिकडे बाई फळ्यावर 'गाळलेल्या जागा भरा' लिहायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला तर दोघांचाही राग यायचा. एवढी मोठी माणसं, आणि तोंडाला कुलूप!

शेवटी एका रविवारी बाईच आमच्या दारात. काखेत एक लाकडी खण.

"हा अडकतो," त्या म्हणाल्या.

काकांना ते झोंबलं. माझा खण, आणि अडकतो? त्यांनी कडांवरून तळवा फिरवला. "याला काही झालेलं नाही."

"मग तुम्हाला काय झालंय?" बाईंचा आवाज चढला. "जागा मागितलीत, मी आहे म्हणाले, आणि गेलात ते गेलातच!"

"तुम्हीच अवकाश म्हणालात ना? मी वाट बघतोय."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, या वयात वेळ कुठून आणू मी? जागा म्हणाले होते. जागा!"

आईने पदर तोंडात कोंबला. मला हसू की रडू कळेना. काका कानापर्यंत लाल. कसेबसे म्हणाले, "मग... विचारू पुन्हा?"

त्यांनी म्हणायचा अवकाश, बाई उठल्याच. खण त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? यात तुमचे कपडे मावतील का, तेवढं सांगा. रिकामा केलाय."

काकांनी माप घेतलं नाही. "मावतील," एवढंच म्हणाले, आणि तो खण काही केल्या खाली ठेवीनात.