पुठ्ठ्याच्या नळीचं विमान: भेस्तान ते ओझर

जायचं मी ठरवलं, हे आधीच सांगून टाकते. दिलीपराव, म्हणजे आमचे हे, नुसते "व्हई जाई" म्हणत बसले असते. व्हई जाई म्हणजे होऊन जाईल. माणूस मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत राहून गुजराती बोलायला लागला, मिलमध्ये हिंदी बोलायला लागला, पण एखादी गोष्ट टाळायची असली की त्यांना हटकून अहिराणी आठवते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरतेतल्या प्लेगनंतरच्या एका हिवाळ्यातली. आम्ही तेव्हा भेस्तानला दोन खोल्यांत राहत होतो. दिलीपराव जॅकार्ड साड्यांचे नक्षीकार. ग्राफच्या कागदावर चौकोन भरून मोर, कोयऱ्या, वेली काढायच्या, मग त्यावरून कार्डं पंच व्हायची आणि मागावर साडी उतरायची. घरी आले की विमानं. साधी खेळणी नव्हेत बरं का, खऱ्या विमानाच्या मापाला भागून, पंखाचा कोन जुळवून केलेली. सामान सगळं मिलचंच, म्हणजे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, सुताचे रिकामे कोन आणि ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी. त्या वर्षी मिग-२१ चाललं होतं, आणि ते विमान म्हणजे मुळात पंख लावलेली नळीच असते. खांद्यापासून बोटांपर्यंत माझा हात होईल एवढं लांब. पुढच्या तोंडातला निमुळता शंकू सुताच्या कोनाचा.

आकाशात विमानाचा आवाज आला की हा माणूस दाढीचा फेस तोंडावर घेऊन गच्चीत पळायचा. शेजारचे हसायचे. मीही हसायचे, पण मला त्यामागचं माहीत होतं. तरुणपणी ते हवाई दलाच्या भरतीला गेले होते. सगळ्यात पास झाले आणि उंचीत थोडक्यासाठी राहिले. लग्नानंतर एकदाच मला म्हणाले होते, "हवाई दलाच्या एका तरी माणसानं माझं विमान हातात घेऊन 'बरोबर आहे' म्हणावं, बस. मग मी काही मागणार नाही."

आणि त्या जानेवारीत माझ्या भावाचा, सुधाकरचा, कोपऱ्यावरच्या एसटीडीवर निरोप आला. माझं माहेर पिंपळगाव बसवंत. तिथून जवळच ओझरला विमानांची प्रात्यक्षिकं होती आणि शेजारच्या मांडवात हौशी लोकांनी केलेल्या विमानांचं प्रदर्शन. बघायला येणार होते हवाई दलाचेच लोक. दिलीपराव म्हणाले, "बघू, व्हई जाई." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

आता रस्त्याचं. सुरतेहून सापुताऱ्यावरून नाशिककडे जाणारी एसटी भेस्तानवरूनच जाते, पण नाक्यावर हात करून चढलात तर सापुताऱ्यापर्यंत उभं राहावं लागेल. म्हणून आम्ही पहाटे उलटे सुरतच्या डेपोत गेलो आणि खिडकी धरली. दोघांचं तिकीट तेव्हा शंभराच्या आसपास पडलं. विमानाला तिकीट नव्हतं, तरी कंडक्टरनं विचारलंच, "या टोपलीत कोंबडं आहे का?" विमान बांबूच्या लांब करंडीत, माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं. दिलीपरावांनी साडीचा पदर थोडा बाजूला केला. कंडक्टर वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "हे माझ्या सीटवर ठेवा, मी उभा राहतो." वांसद्यापर्यंत तो खरंच उभा होता.

सचिनची वसाहत आली की खिडकी लावून घ्या, तिथल्या कारखान्यांचा वास नाकात बसतो. नवसारीनंतर उघडा. चिखलीला गाडी थांबते तिथे गरम खमण मिळतं, वर तळलेल्या मिरच्या. वघईनंतर साग आणि बांबू सुरू होतात आणि गाडीतली बडबड आपोआप कमी होते. वघईला नागलीचे पापड घ्या, सुरतेत तशी चव मिळत नाही. सापुताऱ्याच्या घाटात वळणं पोटात ढवळून काढतात, आवळ्याची सुपारी जवळ असू द्या. वर पोचल्यावर भाजलेलं कणीस खाल्लं आणि पहिल्यांदा थंडी वाजली.

थंडी वाजली तेव्हा मला माझी विणकामाची पिशवी आठवली. सुरतेत स्वेटर विणणारी बाई म्हणून आमच्या चाळीत मी चेष्टेचा विषय होते, पण सुधाकरच्या मुलीसाठी मी एक विणायला घेतला होता. आणि अर्ध्यात सुयाच सापडेनात. ॲल्युमिनियमच्या, राखाडी, चांगल्या. महिनाभर शोधल्या.

"अहो, माझ्या सुया दिसल्या का कुठे?"

दिलीपराव कणसाचे दाणे फार लक्ष देऊन सोलू लागले. मग म्हणाले, "विमानाला लागल्या."

मिगच्या नाकाच्या वरून पुढे लांब दांडी निघते. हवेचा वेग मोजायची नळी असते म्हणे ती. त्या नळीसाठी यांनी माझ्या सुया घेतल्या होत्या. मागची गोल टोपणं करवतीनं कापून, अर्धी सुई नाकात खोल खुपसलेली आणि टोक बाहेर. एक उजवीकडे, एक डावीकडे. मी सापुताऱ्यापासून हातगडापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

वणीला गाडी बदलावी लागते. तिथून पिंपळगावला काळीपिवळी जीप मिळते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठून आलात?" मी सुरत म्हटल्याबरोबर तिनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि तोंडाला पदर लावला. प्लेग जाऊन किती दिवस झाले होते, तरी सुरत म्हटलं की लोक असे बघायचे. मला राग आला, पण दिलीपराव करंडी सांभाळत शांतपणे म्हणाले, "ताई, आम्हाला काही नाही झालं. आम्हाला फक्त विमानाचा रोग आहे." बाई हसली आणि तिनं पिशवीतून द्राक्षं काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरच्या स्कूटरवर तो आणि दिलीपराव, मागून टेम्पोत मी आणि करंडी, अशी वरात ओझरला गेली. दोराच्या पलीकडे चार विमानं उभी होती आणि लोकांची रांग त्यांच्या पुढून सरकत होती. मांडवात नाव नोंदवायला अजून वेळ होता, म्हणून आधी खरं विमान बघू म्हणालो. दिलीपराव करंडी छातीशी धरून चालत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

रांग मिगच्या बाजूनं नाकासमोर आली. मी वर बघितलं. नाकावर एकच दांडी होती.

एकच. विमानाच्या उजव्या बाजूला. डावीकडे सपाट पत्रा.

मनात म्हटलं, यांना दिसू नये. पण ज्या माणसानं पंखाचा कोन फोटोवरून काढला, त्याला हे दिसणार नाही का? ते थांबले. मागचे लोक "चला, चला" म्हणायला लागले. दिलीपराव रांगेतून बाहेर पडले आणि एका लिंबाखाली जाऊन बसले.

"कॅलेंडरवरचा फोटो उजवीकडचा होता," ते म्हणाले. "मी अर्धं काढलं आणि उलटं टाकलं."

हे नक्षीकारांनाच कळेल. साडीवर मोराची जोडी हवी असली की कोणी दोन मोर काढत नाही. एक काढायचा, दुसरा उलटा पडतो. आयुष्यभर या माणसानं अर्ध्याच गोष्टी काढल्या होत्या आणि उरलेली अर्धी आपोआप बरोबर येत होती. विमानही त्यांनी तसंच काढलं.

"मांडवात जाऊ या की," मी म्हटलं. "तिथे कोणाला कळतंय?"

"त्यांनाच तर कळतं. म्हणून तर आणलं." मग म्हणाले, "घरी जाऊ. आता नको. पुढेही नको."

तेवढ्यात डोक्यावरून पहिलं विमान गेलं. कानाचे पडदे हलले. अख्खं मैदान मान वर करून ओरडत होतं, सुधाकर टोपी उडवत होता. आणि दाढीचा फेस घेऊन गच्चीत पळणारा माझा नवरा खाली मातीकडे बघत बसला होता. दुसरं गेलं, तिसरं गेलं. त्यांनी मान वर केली नाही. ते मला बघवेना. सुया गेल्याचा राग कुठल्या कुठे गेला.

मी करंडी उचलली आणि सरळ दोराकडे गेले. आत निळ्या गणवेशातला एक सार्जंट उभा होता, नावाची पट्टी जाधव.

"भाऊ, हे एकदा बघा," मी म्हटलं आणि साडी बाजूला केली.

त्यांनी विमान हातात घेतलं, फिरवलं, पंखाखालून पाहिलं. "कोणी केलं हे? खालची चाकांची दारंसुद्धा काढलीत." मग नाकाकडे नजर गेली. "वहिनी, याला शिंगं का आहेत?"

मी सगळं सांगितलं. साडी, ग्राफ, अर्धा मोर, उलटा मोर. ते हसले, अगदी पोट धरून हसले. मग लिंबाखाली बसलेल्या माणसाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू थांबलं. त्यांनी दोर वर उचलला.

"बोलवा त्यांना. आत या म्हणावं."

दिलीपराव आले, खाली मान घालून. जाधवांनी त्यांना कोपराला धरून विमानाच्या डाव्या बाजूला नेलं, जी कॅलेंडरवर नव्हती. "हात लावा. थंड आहे, चावत नाही." दिलीपरावांनी नाकाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. किती वेळ तसेच उभे होते. मी दुसरीकडे बघत राहिले.

"आता दुरुस्त करा," जाधव म्हणाले.

दिलीपरावांनी करंडीतलं विमान नाक आपल्याकडे करून धरलं, आपल्या डाव्या हाताकडची सुई चिमटीत पकडली आणि ओढून काढली. जाधवांनी विमान घेतलं, खऱ्या मिगच्या नाकाशेजारी धरलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो दादा, तुम्ही समोरून धरलं होतं. तुमचं डावं ते त्याचं उजवं. हे तर डावखुरं झालं."

मग दिलीपराव हसले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. थोडं हसण्याचं होतं आणि थोडं दुसरं. त्यांनी उरलेली सुई काढली, विमान नीट वळवून, शेपूट आपल्याकडे घेऊन, उजव्या भोकात बसवली. डावं भोक तसंच उघडं राहिलं. जाधवांनी पुन्हा विमान उचललं, खऱ्याशी ताडून पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

"आता बरोबर आहे."

"बरोबर शे," दिलीपराव हळूच म्हणाले. तेवढ्यात पुन्हा आवाज आला आणि त्यांनी मान वर केली. पुढचा सगळा वेळ ती खाली आली नाही. मांडवात नाव नोंदवायची वेळ टळून गेली होती. सुधाकर हळहळला, "दाजी, बक्षीस मिळालं असतं." दाजींना ते ऐकूही गेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर परतीचा रस्ता तोच घ्या, फक्त सापुताऱ्याला मुक्काम करा. आम्ही केला नाही, मिलमध्ये रजा नव्हती. सचिनचा वास आला तेव्हा कळलं की घर आलं. पिशवीतले नागलीचे पापड निम्मे मोडले होते, द्राक्षं चाळीत वाटली, आणि विमान कपाटावर गेलं. नाकाचं ते डावं भोक बुजवा म्हणून मी मागे लागले. त्यांनी कधीच बुजवलं नाही.

काढलेली सुई त्यांनी पुसून माझ्या हातात दिली. एकच, टोपण कापलेली. तिनं काय स्वेटर विणणार? भाचीसाठी मी शेवटी सुरतेहून विकतचा पाठवला.

आता मिलमध्ये नक्षी संगणकावर होते आणि दिलीपराव घरी असतात. विमानं चालूच आहेत. पण ओझरहून आल्यापासून एक बदल झाला, तो आजपर्यंत आहे. गोंद लावायच्या आधी ते मला हाक मारतात. पूर्वी मी पुठ्ठ्याच्या कचऱ्यावरून भांडायला तेवढी त्या टेबलाकडे जायचे. आता समोरची खुर्ची माझी आहे. मी बसते, ते विमान मध्ये ठेवतात आणि विचारतात, "सुमन, तुझ्या बाजूनं काय दिसतं?"

आणि मी ती एकटी सुई घेऊन दाखवते, "इथे. हे तुमच्याकडून दिसत नाही."