पातळ होत गेलेले शिंपले

तळ्याकाठी माझ्या आत्याचा बटणांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक पडवी आणि तळ्यातले शिंपले भिजत घातलेली सात पिंपं. आठवडाभर भिजलेला शिंपला कापताना तडकत नाही. मग आत्याचे धाकटे दीर गोल पात्याच्या यंत्रापाशी बसत आणि एकेका शिंपल्यातून चकत्या काढत. पांढरी धूळ त्यांच्या भुवयांवर बसे. दुपारच्या उन्हात ती चमके, आणि ते होते त्याहून म्हातारे नि देखणे दिसत. अजून डोळे मिटले की त्या यंत्राची घरघर कानात येते आणि ओल्या शिंपल्यांचा वास नाकात.

आत्याचे यजमान लवकर गेले. तेव्हापासून मालकीण ती, कारागीर दीर. तीस वर्षं दोघांचं उत्तम जमलं, म्हणजे दिवसभर भांडत.

"वहिनी, हा चहा आहे की नुसतं गरम पाणी?"

"शिंपले भिजवून उरलेलं आहे. प्या गुपचूप."

मग चकत्या फुटू लागल्या. आधी शंभरात पाच, मग वीस. आत्यानं पातं बदललं, पट्टा बदलला, पिंपातलं पाणी बदललं. शेवटी एका सकाळी बटणं शिवणाऱ्या बायका बसल्या असताना सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, हात थरथरतो तुमचा. तुम्ही आता बटणं पुठ्ठ्यावर शिवायला बसा."

दीर उठले. यंत्र पुसलं, पातं काढून तिच्यापुढे ठेवलं आणि घरी गेले. ते पुन्हा आले नाहीत. भिंतीला भिंत लागून घरं, पण दोन वर्षं बोलणं बंद. आत्या सवयीनं चहा एक कप जास्त टाकायची आणि कुणी बघायच्या आत स्वतःच पिऊन टाकायची.

नवा कारागीर आणला. दणकट गडी, हात दगडासारखा. त्याच्याही चकत्या फुटत.

अशात पाणीखात्याच्या बाई बाटल्या घेऊन तळ्यावर आल्या आणि पडवीत टेकल्या. म्हणाल्या, "तळ्यातलं कॅल्शियम कमी होतंय. डोंगरावरची झाडं तोडून ओंडके नेले, त्यांच्यासोबत मातीतला चुना गेला. धुरानं पाऊस आंबट झाला, त्यानं उरलासुरला धुऊन नेला. शिंपल्यानं घर बांधायचं कशाचं? चुनखडीची पूड टाकली तर सावरेल. पण माझ्याकडे आकडे चारच वर्षांचे. साहेब ऐकत नाहीत."

आत्या आत गेली आणि कापडाची निळी पट्टी घेऊन आली. दर हंगामाची पहिली चकती, न घासता, भोकं पाडून ती त्या पट्टीवर शिवून ठेवायची. बत्तीस चकत्या होत्या. बाईंनी एकेकीची जाडी मोजली. पहिल्या वीस सारख्या. पुढची प्रत्येक आधीच्या वर्षीपेक्षा पातळ. शेवटची तर नखाएवढी पातळ.

"बत्तीस वर्षं! आता कोण नाही म्हणतो बघतेच," बाई खूश झाल्या. त्या पट्टीच्या जोरावर पुढे होड्या भरभरून चुनखडी तळ्यात पडली आणि शिंपले सावरायला दहा वर्षं लागली, पण ते नंतरचं. त्या दिवशी आत्याचं बोट एकविसाव्या चकतीवर अडकलं होतं. त्या वर्षी भाऊजी चाळिशीचे होते. सुईत दोरा एका दमात ओवायचे.

ती हात न धुताच शेजारी गेली. दीर ओट्यावर चपलेचा अंगठा शिवत होते.

"हात थरथरत नव्हता तुमचा."

"ठाऊक आहे मला."

"मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"सगळ्यांदेखत बोलले होते ना? उद्या सगळ्यांदेखत मागे घेते. या."

दुसऱ्या दिवशी ती यंत्रापाशी ताठ उभी राहिली, वर्गात कविता म्हणायला उठवल्यासारखी. "चूक माझी होती. शिंपला पातळ होता. भाऊजींचा हात चांगला आहे."

बटणं शिवणाऱ्या बायका खाली माना घालून हसल्या. नवा गडी चकत्या घासायच्या कामावर सरकला आणि दीर आपल्या जागी बसले. पहिल्या दोन चकत्या गोल निघाल्या. तिसरी टक्कन फुटली. यंत्र थांबलं. सगळे आत्याकडे बघू लागले.

तिनं तुकडे उचलून टोपलीत टाकले.

"पुढचा घ्या, भाऊजी. चहा ठेवते."