मुकादमाशिवाय चाललेला आठवडा

आमच्या कंपनीत तिला सगळे मुकादम म्हणतात. हे पद कागदावर कुठेच नाही. इस्त्रीवाले काका एकदा वैतागून म्हणाले, "आल्या बघा मुकादम," आणि ते चिकटलं. मालकाला मात्र मालक म्हटलेलं खपत नाही. आपण सगळे सहकारी आहोत, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याला आम्ही पाठीमागेच मालक म्हणतो.

कंपनी लोकांचे कपडे घरून आणते, धुते आणि इस्त्री करून पोचवते. सुरुवात एका मोटारीच्या गॅरेजमध्ये झाली. दोन मशीन, मालक, काका आणि ती. मालक आणि ती कॉलेजात एका वर्गात होते. त्या काळात तिने डाग काढले, फोन घेतले आणि शिव्याही खाल्ल्या. मी पुष्कळ नंतर आले. साहित्याची पदवी घेऊन मी गिऱ्हाइकांना त्यांच्या चादरी वाळल्याचं कळवते. ही नोकरी तिनेच लावून दिली. तिच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली आहे, त्यामुळे तिचा राग मला दोन्हीकडे ऐकू येतो.

आता आमची तीन केंद्रं आहेत. चौथ्याची जागा बघून झाली. सगळ्या केंद्रांवर एक प्रमुख नेमायचं ठरलं, तेव्हा तिने मालकाकडे जाऊन ती जागा मागितली. आडवळणं घेतली नाहीत.

मालक म्हणाला, "तुला इथून हलवू कसं? तू दोन तास नसलीस तर इथे बोंब होते. हे केंद्र तुझ्याशिवाय चालवून दाखव. मग ती खुर्ची तुझीच."

मला ते रास्त वाटलं. तिलाही.

ती कामाला लागली, म्हणजे काम सोडायला लागली. रोज सकाळी घड्यांच्या लांब टेबलाभोवती सगळे जमतात. कुठली पोती आधी उघडायची, कुठली गाडी कुठे जायची, हे तिथे ठरतं. ते आजवर ती एकटी बोलायची. आता काकांना बोलायला लावलं. काका दोन दिवस घसा खाकरण्यापलीकडे गेले नाहीत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी तिने घड्या घालणाऱ्या मावशींकडे दिल्या. मावशी फोनवर गिऱ्हाइकाच्याच बाजूने बोलायच्या. "खरंय हो, असं करायला नको होतं त्यांनी," म्हणायच्या. तिने डोक्याला हात लावला, पण फोन हिसकावून घेतला नाही.

एकदा हॉटेलच्या चादरी एका वसतिगृहाच्या गाडीत गेल्या आणि वसतिगृहाच्या हॉटेलच्या. काय करायचं ते तिला तिथल्या तिथे दिसत होतं. एक गाडी दुसरीकडे वळवायची आणि वाटेतच चादरी बदलायच्या, बस्स. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, "मी आत जायला लागले तर मला धर." काकांनी दोन्ही गाड्या परत बोलावल्या. सगळी दुपार वाया गेली. संध्याकाळी तिने त्यांना एवढंच विचारलं, की पुन्हा असं झालं तर काय कराल. काका म्हणाले, एकच गाडी वळवीन. पुढच्या महिन्यात तशी वेळ आली आणि त्यांनी एकच वळवली. त्या दिवशी ती घरी गुणगुणत आली. तिचा आवाज वाईट आहे.

मग तिने आठवडाभर रजा घेतली. फोन स्वतःच्या आईकडे दिला. आईने तो कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. दोघींनी मिळून स्वयंपाकघराला रंग काढला. आई शिडी धरून उभी होती आणि तोंडही चालू होतं. तिचं म्हणणं, स्वतःवाचून अडणार नाही अशी सोय कुणी शहाणं माणूस करतं का. "गरज सरो, वैद्य मरो, ऐकलंयस ना?"

"ती खुर्चीची अट आहे, आई."

"अट घालणारा बदलतो. खुर्ची तिथेच राहते."

आठवड्यात फोन एकदाच वाजला. काका होते. चहाची साखर कुठे ठेवता, एवढंच त्यांना हवं होतं. ती शिडीवर बसून इतकी हसली की रंगाचा ब्रश आईच्या डोक्यावर पडला.

सोमवारी आम्ही दोघी बरोबरच गेलो. एकही पोतं अडलं नव्हतं. एकही तक्रार उरली नव्हती. मालकाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मलाही बोलावलं, एक मजकूर लिहायचा आहे म्हणून. मला वाटलं, तिच्याच नेमणुकीचा असणार. मनात मी पहिलं वाक्य जुळवूनही टाकलं.

मालक फार खूश होता. कमाल केलीस, म्हणाला. मग त्याने सांगितलं, की प्रमुख बाहेरून येतोय. मोठ्या कंपनीत शेकडो माणसं सांभाळलेला आहे. चौथ्या केंद्राला पैसे देणाऱ्या गुंतवणूकदारांना तसा माणूस हवा आहे. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

ती म्हणाली, "तू सांगितलंस तेच मी केलं."

"हो ना. म्हणून तर तुझ्यावर आता काही भार नाही."

"खुर्ची माझी म्हणाला होतास."

मालकाने पेन उघडलं आणि बंद केलं. "मी तुझं नाव पुढे केलं होतं. गुंतवणूकदारांनी तुझ्या रजेत येऊन केंद्र बघितलं. सकाळी काका बोलतात, तक्रारी मावशी सोडवतात. ते म्हणाले, मग ही नेमकं करते काय? मला उत्तर देता येईना."

मी साहित्य शिकले आहे. माणसं एकमेकांना काय काय बोलू शकतात ते पुष्कळ वाचलं आहे. असं वाक्य माझ्या वाचनात नव्हतं.

"उत्तर तेच होतं," ती म्हणाली. "ते दोघं ते करतात, हेच."

मालक म्हणाला, तेही बरोबर आहे. तो कुणालाच चूक म्हणत नाही.

नवा प्रमुख आठवड्याभराने आला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने पहिल्याच दिवशी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, हे केंद्र आपोआप कसं चालतं? बाकीच्यांत रोज गोंधळ आहे. तिथेही असं करून द्याल का?

ती म्हणाली, "करून देते. पण तोवर ती केंद्रं माझ्या हाताखाली. तसं लिहून द्या."

तो मालकाकडे गेला. काचेपलीकडे दोघांचे हात हलताना आम्हाला दिसत होते. थोड्या वेळाने मला आत बोलावून मजकूर सांगितला. तिला 'प्रमुखांची साहाय्यक' करायचं होतं. केंद्रं त्याच्याच हाताखाली राहणार होती. मी कागद छापून तिच्यापुढे ठेवला.

तिने वाचला. "साहाय्यक खोड."

"माझ्या हातात नाही गं."

"टाइप तूच करतेस ना?"

मला हसू आलं. तिने कागदाची घडी केली, चार कोपरे जुळवून, चादरीची करतात तशी. सही केली नाही.

काम सुटायची वेळ झाली. ती आजवर वेळेवर कधी निघालीच नव्हती. कुणीतरी हाक मारायचंच, अहो मुकादम, एक मिनिट. त्या दिवशी तिने पर्स खांद्याला लावली. काका गाडीवाल्याला काहीतरी समजावत होते. मावशी फोनवर होत्या, आता कंपनीच्या बाजूने. कुणी हाक मारली नाही.

रस्त्यावर मी विचारलं, उद्या येणारेस?

"येणार तर. सही कुठे केलीय अजून?" ती म्हणाली. "रोज जाऊन विचारणार आहे मालकाला, माझी खुर्ची कुठाय. बघू कोण आधी कंटाळतं."

घरी आईने दार उघडलं आणि दोघींची तोंडं बघितली. ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. स्वयंपाकघराच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.