आम्ही गावाचे पहिले रहिवासी झालो तेव्हा

या गावात आम्ही आलो ते वॉशरूममुळे. ऐकून लोक हसतात, पण खरंच तसं झालं. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला टोरांटोजवळच्या मार्कहॅमहून ओटावाकडे निघालो होतो. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो आणि सकाळची कॉफी अंगाशी आली. पहिलं जे दुकान दिसलं तिथे गाडी थांबवली. त्या एकाच दुकानात पोस्ट होतं, बाहेर पेट्रोलचा पंप होता, आणि फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी मासे पकडायच्या गळासाठी गांडुळांचे डबे होते. मी बाहेर आले तर हे रस्त्यापलीकडच्या एका पांढऱ्या घराकडे बघत उभे. पुढे व्हरांडा, मागे नदी, अंगणात घर विकायची पाटी.

"अहो, चला ना," मी म्हटलं.

"एक मिनिट," हे म्हणाले. हे असं म्हणाले की मला धडकीच भरते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या घरात राहायला आलो. दोघंही रिटायर झालो होतो. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, हे पुलांचे इंजिनिअर. लेकीनं टोरांटोहून फोन केला. "आई, आर यू गाइज सीरियस? तिथे कोथिंबीर कुठे मिळणार?"

कोथिंबीर मी परसात लावली. प्रश्न कोथिंबिरीचा नव्हताच. प्रश्न रस्त्यांचा होता. समोरच्या घरात नव्वदीला टेकलेल्या एक बाई एकट्या राहायच्या. गाव ज्या कुटुंबानं वसवलं, त्या कुटुंबातल्या इथे राहणाऱ्या त्या शेवटच्या. मुलं, नातवंडं सगळी ओटावा, कॅल्गरी अशी पांगलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "कचरा टाकायची जागा कुठे आहे?"

"सोप्पं आहे," बाई म्हणाल्या. "चीज फॅक्टरीपाशी डावीकडे वळायचं, स्टेशन ओलांडायचं, आणि शाळा आली की उजवीकडे."

आम्ही कचऱ्याच्या पिशव्या डिकीत घालून बराच वेळ हिंडलो. ना फॅक्टरी दिसली, ना स्टेशन, ना शाळा. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं. तो हसायलाच लागला. चीज फॅक्टरीच्या जागी आता गवत होतं. रेल्वेचे रूळ कधीच उखडून नेले होते, तिथून लोक सायकली चालवायचे. आणि शाळेच्या इमारतीत एकजण जुन्या मोटारसायकली दुरुस्त करत होता. मुलं पिवळ्या बसनं शेजारच्या मोठ्या गावात शिकायला जात होती.

गावाचा इतिहास मी असा पत्ते विचारत शिकले. नदीला इथे छोटासा धबधबा आहे. त्यावर आधी लाकडाची गिरणी उभी राहिली. वरच्या जंगलातून ओंडके नदीत सोडायचे आणि इथे कापायचे. गिरणीमागून हॉटेल आलं, दोन चर्च आली, रेल्वे आली. मग जंगल सरलं, गिरणीला आग लागली, ती पुन्हा कुणी बांधली नाही. माणसं विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यांकडे गेली, त्यांची मुलं आणखी लांब गेली. आता वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्येचा आकडा आहे तो तीन अंकी, पण जेमतेम.

कमी माणसांच्या गावात एक गंमत असते. प्रत्येकाला तीन-चार कामं असतात. दुकानदारीणबाईच पोस्टमास्तर, चर्चमध्ये पियानोही त्याच वाजवणार. बर्फ काढणारा तोच आगीचा बंब चालवणार. पहिल्या हिवाळ्यात हे कमरेला पट्टा बांधून ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं काढत होते, तर तो थांबला, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेल्या ट्रकनं एका फटक्यात सगळं साफ केलं आणि म्हणाला, "तुम्ही इंजिनिअर ना? चर्चच्या हॉलचं छप्पर गळतंय." झालं. त्या दिवसापासून हे गावाचे छप्परवाले.

आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात गावाचा वाढदिवस करायचं ठरलं. चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. नदीकाठी गावाच्या इतिहासाचं नाटक करायचं, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. भूमिका वाटायला सुरुवात झाली. गिरणीवाला ठरला, स्टेशनमास्तर ठरला, चीज करणाऱ्या बायका ठरल्या. नदीच्या वरच्या अंगाला इथल्या मूळच्या अल्गॉनक्विन लोकांची वस्ती आहे, तिथले एक निवृत्त वनअधिकारी आले होते. मागच्या वेळच्या नाटकात गाव जणू रिकाम्याच जागेवर सुरू झालं होतं, असं ते स्पष्ट म्हणाले. या वेळी ते स्वतः काठावर उभे राहणार होते आणि आपली वाक्यं आपणच लिहिणार होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

उरलं कोण, तर नावेतून येणारं पहिलं जोडपं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेलं, समोरच्या बाईंचे पूर्वज. ते काम ज्याला दिलं होतं त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसरा कुणी शिल्लकच नव्हता. जे होते त्यांच्याकडे आधीच दोन-दोन भूमिका होत्या. मी आपली कॉफीच्या कपात बघत बसले. तेवढ्यात बाईंनी काठी उचलून आमच्याकडे रोखली.

"हे दोघं."

"आम्ही?" मी म्हटलं. "अहो, पण आम्ही तर आत्ता आलो."

"तेही आत्ताच आले होते," बाई म्हणाल्या आणि काठी खाली ठेवली.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "आपण स्कॉटिश कसे दिसणार?" हे आरशासमोर उभे राहून दाढी वाढवली तर कशी दिसेल ते बघत होते. मला उत्तर मिळालं.

हे खरंच दाढी वाढवू लागले. दुकानदारीणबाईनं मला लांब करड्या रंगाचा घागरा, टोपडं आणि लोकरीची शाल आणून दिली. जुलैच्या उन्हात लोकरीची शाल! यांना एकच इंग्रजी वाक्य होतं. नावेतून उतरायचं, आजूबाजूला बघायचं आणि म्हणायचं, की इथे पाणी आहे, लाकूड आहे, आपण इथेच राहू. मी "हो" म्हणून मान हलवायची. एवढंच. पण हे ते वाक्य सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात म्हणत होते.

नाटकाच्या दिवशी काठावर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. गाव सोडून गेलेली कितीतरी माणसं मुलाबाळांना घेऊन आली होती. लेकही जावयाला घेऊन आली होती आणि फोन उंच धरून उभी होती. बाई पहिल्या रांगेत निळी हॅट घालून बसल्या होत्या. आम्हाला वळणापलीकडे नावेत बसवलं. नाव कसली, ती कनू, अरुंद निमुळती होडी, जरा हललं की डचमळणारी. मध्ये एक ट्रंक, एक कुऱ्हाड आणि पिंजऱ्यात एक खरी कोंबडी.

वळण घेऊन आम्ही काठाला लागलो. हे ऐटीत उठले, एक पाय काठावर टाकला आणि दुसरा पाय नावेसकट मागे सरकायला लागला. क्षणभर ते नदीवर कमान टाकल्यासारखे उभे होते. मग गुडघाभर पाण्यात उतरले. कोंबडी ओरडायला लागली. पाठ केलेलं वाक्य त्या पाण्यातच गेलं असावं, कारण यांनी चहूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, इथे पाणी आहे! लाकूड आहे! इथंच राहू या की!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अहो, आधी ती ट्रंक उतरवा, मग काय ते राहा!"

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. मला काही कळेना. मागून दुकानदारीणबाईचा भारावलेला आवाज आला, "बघा तरी, यांनी गेलिक शिकून घेतली!" स्कॉटलंडमधल्या त्या डोंगराळ भागाची जुनी भाषा गेलिक. पहिले रहिवासी तीच बोलायचे आणि आता गावात ती कुणालाच येत नव्हती. म्हणून तर आमची मराठी तिथे बिनबोभाट खपली. लेक मात्र हसून हसून खाली बसली होती, तिच्या व्हिडिओत नंतर नुसतं गवत दिसतं.

तेवढ्यात वनअधिकारी पुढे आले. त्यांनी लिहून ठेवलेला कागद खिशात घातला. यांना हात देऊन पाण्यातून बाहेर ओढलं, चांगलं निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "युरोपातून आलेले लोक इतकी शतकं आम्हाला इंडियन म्हणत राहिले. शेवटी खरे इंडियन आले एकदाचे!"

मग काय, हशात कोंबडीसुद्धा ऐकू येईना. त्यानंतर गिरणी आली, रेल्वे आली, आग लागली, रेल्वे गेली, पण लोक मधूनमधून हसतच होते.

जेवायला तंबूत लांब टेबलं लावली होती. मी दोन ट्रे भरून बटाटेवडे केले होते, ते भाजलेल्या बीफच्या आणि मक्याच्या कणसांच्या आधी संपले. बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. मला राहवेना.

"ती गेलिक नव्हती," मी म्हटलं. "आमची मराठी होती."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझी आजी गेलिक बोलायची. मला आता एक शब्द आठवत नाही, पण आवाज आठवतो. ती आजोबांना काम सांगायची तेव्हा अगदी तुझ्यासारखीच बोलायची."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. माझे डोळे भरून आले. मी विचारलं, "आणि ती नावेतून आलेली बाई? ती खरंच लगेच राहायला तयार झाली?"

बाई हसल्या. "छे गं! ते कमिटीनं घातलंय. आमच्या घरात सांगतात, ती उतरायलाच तयार नव्हती. आत्ताच्या आत्ता परत फिरा म्हणाली."

"मग राहिले कसे?"

"नावेला भोक पडलं होतं," बाई म्हणाल्या. "दुरुस्त होईपर्यंत थांबू, असं ठरलं. मग बर्फ पडलं. मग बाळ झालं."

मी ते यांना सांगायला वळले, तर खुर्ची रिकामी. हे ओल्या पँटनं आणि कित्येक आठवड्यांच्या दाढीनं तंबूच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. बर्फ काढणाऱ्यानं त्यांच्या दोन्ही काखांत खुर्च्या दिल्या होत्या आणि त्या ट्रकमध्ये कशा रचायच्या, यावर दोघांचा जोरात वाद चालला होता.